खालून आलेला फुटवा

साहेब, एकोणचाळीस गुलाब तुम्ही मारलेत. हात न लावता मारलेत, हसतमुखानं मारलेत, वर त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतलेत. मेलेली झाडं तक्रार करत नाहीत, म्हणून तुमचं आजवर फावलं. पण चाळिसाव्याची चौकशी करायला एक बाई अजून उरली आहे. तिची गोष्ट तुम्हाला ऐकावी लागेल. बसा. तुम्ही नेहमी बसलेलेच असता म्हणा.

ही बाई तुमच्या इस्पितळाच्या बागेत सोळा वर्षं काम करत होती. सगळे तिला मावशी म्हणतात. धुलाईखाना आणि शवागार यांच्या मधल्या जागेत, जिथं पूर्वी मोडक्या खाटा फेकत, तिथं तिनं चाळीस गुलाब उभे केले. विकत आणलेले नव्हेत, हातानं बांधलेले. बांधलेले म्हणजे कसे, हे तिनं तुम्हाला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. आता चौथ्यांदा ऐका.

खाली रानगुलाबाचा खुंट लागतो. चिवट, कुठल्याही मातीत पाय रोवणारा, उपासतापासाला न भिणारा. त्याच्या सालीला छोटी चीर द्यायची, आत चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, अलगद सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. वीस दिवसांनी पट्टी सोडायची. डोळा हिरवा असला तर धरला, काळा पडला तर गेला. धरलेल्या डोळ्यातून मग गुलाब येतो, तुम्ही पाहुण्यांना दाखवता तो. पण खालचा खुंट काही गप्प बसत नाही. तो जमिनीलगत स्वतःचे फुटवे काढत राहतो. ते दिसले की खुडायचे. आज खुडले तरी महिन्यानं पुन्हा येतात, पुन्हा खुडायचे. एका मोसमापुरतं जरी दुर्लक्ष केलं, तरी तो फुटवा सगळा रस ओढतो, पुरुषभर वाढतो, आणि वरचा गुलाब उभ्या उभ्या वाळतो. कानामागून आली नि तिखट झाली, तसलाच प्रकार.

चाळिसांपैकी एक झाड मावशीनं धाकटी म्हणून वाढवलं होतं. पाच वर्षांपूर्वी एका साध्या गुलाबी गुलाबाच्या एकाच फांदीला वेगळं फूल आलं: आतून पिवळं, कडेला विटकरी, जसं काही पाकळ्या कुणी जरा भाजून काढल्या आहेत. असं लाखात एकदा होतं. ती फांदी पुढच्या हिवाळ्यात मेली, पण त्याआधी मावशीनं तिचा एक डोळा खुंटावर भरून ठेवला होता. तो धरला. तीच धाकटी. तसं झाड दुसरीकडं कुठंही नव्हतं. मावशी तिच्याशी बोलत नसे, गाणी म्हणत नसे. तसली थेरं तिला जमत नाहीत. फक्त सकाळी आल्यावर चपला काढायच्या आधी तिकडं एक नजर टाकायची, बस.

आता तुमच्याकडे येऊ. नर्सांनी तुम्हाला अर्ज दिला होता. एका पाळीला दोघी आणि खाटा चौतीस, पाठी मोडल्या, पाय सुजले, तिघी काम सोडून गेल्या, माणसं वाढवा. तुम्ही अर्ज वाचलात, डोळ्यांत पाणी आणलंत, आणि चार माणसं आणायच्या ऐवजी एक बाई आणलीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! बाईंच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘बागेतून आत्मस्वीकार’. मुदत सहा महिने. दर बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे ज्यांना बसून जेवायला वीस मिनिटं मिळत होती, त्यांची तीही गेली. नर्सांनी दुसऱ्याच दिवशी बाईंना नाव पाडलं: स्वीकारताई.

पहिल्या बुधवारी स्वीकारताई गुलाबांच्या मधोमध उभ्या राहिल्या. पांढरे सुती कपडे, अनवाणी पाय. मावशीनं सांगितलं, “बाई, काटे आहेत, चप्पल घाला.” त्या म्हणाल्या, “मातीला मला भेटू द्या.” मातीनं भेट घेतली. मग दहा मिनिटं हाडांचे डॉक्टर चिमट्यानं काटा काढत बसले.

“प्रत्येकानं एक झाड निवडा,” स्वीकारताई लंगडत म्हणाल्या. “आजपासून हे झाड म्हणजे तुम्ही. याची प्रत्येक फांदी म्हणजे तुमचा एक भाग. मला सांगा, आपण आपला भाग कापतो का?”

“आपला नाही, पण दुसऱ्यांचे मी रोज कापतो,” हाडांचे डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, म्हणून मग सगळे थांबले.

“डॉक्टर, तुमच्या विनोदामागे वेदना आहे.”

“आहे ना. कमरेत. सकाळपासून उभा आहे.”

त्याच दिवशी फर्मान निघालं: बागेत कात्री चालणार नाही. छाटणी म्हणजे हिंसा. मावशीच्या कमरेला लटकणारा छाटणीचा सिकेटर, ज्याच्या मुठीवर तिच्या बोटांचे खळगे पडले होते, तो तुमच्या शिपायानं काढून घेतला आणि तुमच्या कपाटात ठेवला. साहेब, ज्या इमारतीच्या दोन मजल्यांवर दिवसभर कापाकापी चालते, जिथं कापलं नाही म्हणून माणसं मरतात, त्या इमारतीच्या परसात तुम्ही गुलाबाची फांदी कापायला बंदी घातलीत! उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण तुमचा उंट दुमजली.

मावशी गेली स्वीकारताईंकडे. “बाई, बाकी राहू द्या सगळं. जमिनीलगतचा फुटवा तेवढा खुडू द्या. तो रानटी असतो.”

“मावशी, रानटी हा शब्द आपण इथं वापरत नाही. आपण त्याला मुक्त म्हणू.”

“म्हणा की. मुक्त म्हणा, नाहीतर जावई म्हणा. पण तो वरच्याला खाणार.”

“भीती बोलतेय तुमच्या तोंडून.”

“भीती नाही हो, सोळा वर्षं बोलतायत.”

स्वीकारताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मावशी उभी राहिली, वाट बघितली, आणि शेवटी खांदा काढून घेऊन निघून आली.

दोन महिन्यांत खालचे फुटवे गुडघ्याला आले. गुलाबाच्या एका देठाला पाच पानं असतात, रानट्याच्या देठाला सात. हे शेंबड्या पोरालाही मोजता येतं. स्वीकारताईंनीही मोजलं. टाळ्या वाजवून म्हणाल्या, “बघा, पाचाची सात झाली! तुम्ही स्वतःला स्वीकारलंत, तर झाड तुम्हाला जास्त देऊ लागलं!” आणि तुमचे सगळे शिकलेसवरलेले लोक, ज्यांना रक्ताच्या थेंबावरून आजार ओळखता येतो, ते पानं मोजत बसले. सात निघाली की एकमेकांचं अभिनंदन. एका नर्सला पाचच पानं मिळाली, तर ती बिचारी रडली. स्वतःत काही कमी आहे असं वाटलं तिला. त्या अख्ख्या वाफ्यात तेव्हा तेवढं एक झाड धडधाकट होतं!

आणि धाकटी कुणी निवडली? तुम्ही. बाकाजवळ होती आणि तिथं सावली होती, म्हणून. तुमचा फुटवा सगळ्यांत जोमदार निघाला. संचालकांचा फुटवा तो, संचालकांसारखाच: दुसऱ्याच्या मुळावर उभा आणि सगळ्यांच्या वर. रोज सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर फोटो काढायचात. कंबरेला आला, छातीला आला, डोक्याच्या वर गेला. मागं धाकटी एकेक फांदीनं काळी पडत होती, ती फोटोत येऊ नये म्हणून तुम्ही जरा डावीकडे सरकून उभे राहायचात. म्हणजे दिसत होती तुम्हाला. न दिसण्याची सबब सांगू नका.

एका बुधवारी आरशाचा धडा झाला. वॉर्डातले स्टीलचे ट्रे आणून त्यांत पाणी भरलं, आणि सगळ्यांनी वाकून आपला चेहरा बघायचा, त्यातलं जे आवडत नाही ते स्वीकारायचं. मावशी आपली बाजूला झाडांना आळी करत होती. स्वीकारताईंनी तिला बोलावून घेतलं, हनुवटी धरली आणि तिचा चेहरा घोळक्याकडे वळवला.

“यांच्याकडे बघा. जन्मतः ओठ दुभंगलेला. ही खूण बघा. तरी चेहऱ्यावर केवढी शांती! यांना कुणी शिकवलं? या बागेनं. या झाडांनी.”

मावशीच्या वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत एक पांढरी रेघ आहे, जराशी वाकडी. त्या रेघेसकट ती हसली होती, भांडली होती, लग्न करून घेतलं होतं, पोराला पापे दिले होते. ती स्वीकारायची गोष्ट आहे हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. नाक स्वीकारतं का कुणी? ते असतं. पण त्या दुपारी चाळीस माणसं तिच्या तोंडाकडे दयेनं बघू लागली, आणि जन्मात पहिल्यांदा मावशीनं पदर ओढून तोंडावर घेतला. हा तुमच्या कार्यक्रमाचा निकाल, साहेब. स्वीकार शिकवायला आलात आणि लाज शिकवून गेलात.

घरी तिनं ताट पुढं ओढलं नाही. सून शिवणयंत्रावर बसली होती. दातात दोरा धरून म्हणाली, “आई, काय झालं?”

“धाकटी जाणार. एक फांदी हिरवी राहिलीय. बोटाएवढी.”

“मग?”

“मग काही नाही. करायचं ते करणार.”

“नोकरी घालवाल हां त्या झाडापायी.”

“नोकरी गेली तर दुसरी मिळायची नाही, खरं आहे. झाड गेलं तर तेही दुसरं मिळायचं नाही.”

सुनेनं दोरा तोडला. “बरं, मग आधी जेवा. उपाशी पोटी कसली बंडं करता?”

करायचं काय, ते मावशीला दोन दिवस सुचत नव्हतं. फुटवा खुडून आता उपयोग नव्हता. धाकटीचं बाकी लाकूड वरून खालपर्यंत मेलं होतं. नवा खुंट लावून तयार करायला वर्ष लागतं, आणि तेवढी सवड त्या बोटभर फांदीला नव्हती. तिसऱ्या दिवशी झारी घेऊन ती बाकापाशी उभी राहिली आणि तुमच्या त्या डोक्यावरून गेलेल्या, सात पानांच्या, माजलेल्या फुटव्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “अगं बाई, खुंट खुंट म्हणून काय शोधतेस? हा समोर उभाय की.”

रानटी खुंटाचाच तो फुटवा. म्हणजे तोही खुंटच. त्याच्या सालीत धाकटीचा शेवटचा डोळा भरायचा!

दुपारी जेवणाच्या वेळेला, बुधवार सोडून, बाग रिकामी असायची. तिला फक्त पातं हवं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी कागदात गुंडाळलेलं नवं कोरं पातं आणून दिलं आणि तिथंच उकिडवे बसले. मावशीनं फुटव्याच्या बुडाशी, वीतभर उंचीवर चीर दिली, साल नखानं सोडवली, बोटभर फांदीवरचा एकुलता एक टपोरा डोळा सालीच्या ढलपीसकट काढला आणि आत सरकवला. वरून ड्रेसिंगची पट्टी.

“हात थरथरत नाही तुमचा,” डॉक्टर म्हणाले.

“थरथरून कसं चालेल? एकच आहे.”

“माझ्याकडेही दर वेळी एकच असतो.”

“मग तुम्हाला काय सांगायचं.” मावशीनं गाठ मारली. “आता वीस दिवस. धरला तर वरचं सगळं उडवायचं. डोक्यावर हा दांडगा उभा असेस्तोवर डोळा जिवंत राहील, पण फुटायचा नाही. निजून राहील.”

“आणि साहेबांचा लाडका फुटवा उडवायला परवानगी कोण देणार?”

“तेवढं सोडून सगळं ठरलंय.”

एकविसाव्या दिवशी तिनं पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. हिरवा आणि फुगलेला. त्याच दुपारी तुमचं परिपत्रक फळ्यावर लागलं: पुढच्या बुधवारी समारोप, त्यानंतर बागेला कुलूप. वर्षभर तिथं कुणीही पाऊल टाकायचं नाही, माळणीनंसुद्धा. बागेनं स्वतःला स्वीकारावं म्हणून! नाव दिलं होतं ‘मौनवन’. मावशीनं परिपत्रक दोनदा वाचलं. वर्षभरात त्या डोळ्याभोवती जाळी माजणार, तो गुदमरून जाणार. म्हणजे वरचं उडवायला सवड बुधवारपर्यंतच. परवानगीसाठी तिनं तुमच्या दारात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा तुम्ही बैठकीत होतात, दुसऱ्यांदा ध्यानात, तिसऱ्यांदा बाहेर. चौथ्यांदा भेटलात आणि म्हणालात, “मावशी, सोडून द्यायला शिका.”

समारोपाला मोठे पाहुणे आले. तुमच्या फुटव्याला ‘सर्वाधिक वाढ’ म्हणून पहिलं बक्षीस. त्याच्या गळ्यात फीत बांधली होती, ती पाहुण्यांनी सोडवायची, की कापायची, यावर पाच मिनिटं गेली. फीत जाड निघाली, गाठ सुटेना. मग तुम्ही शिपायाला कुजबुजलात आणि तो धावत जाऊन कपाटातून काय घेऊन आला? मावशीचा सिकेटर! फीत कापायला हिंसा चालते तर. कचकन फीत कापली, टाळ्या पडल्या, आणि सिकेटर तबकात ठेवला गेला.

मग स्वीकारताई म्हणाल्या, “आणि आता आपल्या मावशी चार शब्द बोलतील. बागेनं त्यांना स्वतःचा चेहरा स्वीकारायला कसं शिकवलं.”

मावशी पुढं आली. पदर तोंडावर होता. तो तिनं खाली घेतला.

“मला बोलता येत नाही फार,” ती म्हणाली. “हा ओठ. मी जन्मले तेव्हा फाटका होता. दूध ओढता येत नव्हतं. आई सांगायची, आठ दिवसांत मी पाल झाले होते, पाल. घरात म्हातारे म्हणाले, जसं आलंय तसं राहू दे. आईनं ऐकलं नाही. डॉक्टरानं कापलं आणि शिवलं. वाकडं शिवलं, पण शिवलं. स्वीकारलं असतं तर मी नवव्या दिवशी मेले असते. एवढंच.”

आणि तिनं तबकातला सिकेटर उचलला. कुणाला वाटलं, फीत गोळा करतेय. ती बाकापाशी गेली, खाली बसली, हिरव्या डोळ्याच्या चार बोटं वर पातं लावलं आणि दाबलं. तुमची सहा महिन्यांची अंतर्गत वाढ, फीत आणि बक्षिसासकट, पाहुण्यांच्या पायावर आडवी झाली.

नर्सांपैकी एकीला हसू फुटलं. मग दोघींना. मग सगळ्यांना, अगदी पोट धरून. सहा महिन्यांत त्यांना मिळालेली ती पहिली आणि शेवटची शांती. स्वीकारताई म्हणाल्या, “आपण सगळे डोळे मिटू या आणि हा क्षण...” पण कुणी डोळे मिटले नाहीत. बघण्यासारखं समोर होतं. तुमचा चेहरा, साहेब! तो स्वीकारायला तुम्हाला किती बुधवार लागले असते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मावशीला धुलाईखान्यात टाकलं. तळघर, वाफ, चादरी. बागेच्या फाटकाला कुलूप आणि वर पाटी: ‘शांतता. बाग स्वतःला भेटत आहे.’ स्वीकारताईंना पुढच्या वर्षाचं निमंत्रण. नर्सा अजून पाळीला दोघीच आहेत, फक्त त्यांच्याकडे आता प्रमाणपत्रं आहेत. आणि मावशीला तुमची नोटीस: संस्थेच्या मालमत्तेची हानी का केली, सात दिवसांत लेखी उत्तर द्या.

नोटीस आल्यापासून ती रोज जेवणाच्या सुट्टीत फाटकापाशी जाते आणि गजांतून बघते. बाकाची पाठ आडवी येते. बुडखा दिसत नाही. कापल्यानंतर डोळा आठ-दहा दिवसांत फुटायला हवा. पण त्याच वेळी खुंट खालून नवे फुटवे सोडणार, आणि ते कुणी बोटानं मोडले नाहीत तर डोळा भुकेनं काळा पडणार. कापल्याला आज बारावा दिवस.

तिनं उत्तर दिलं. चादरीवर वही टेकवून, वाफेनं शाई पसरत असताना, स्वतःच्या हातानं लिहिलं. कारणं एका ओळीत उरकली: ‘झाड मरत होतं म्हणून कापलं. पुन्हा कापीन.’ खाली बराच कागद उरला होता. तिथं तिनं लिहिलं:

‘तुमच्या खिडकीतून बाक दिसतो. तिथून बुडखा दिसायचा नाही. कुलपाची किल्ली तुमच्याकडे आहे. खाली उतरा, बाकाच्या मागं गुडघ्यावर बसा आणि बघा. जमिनीपासून वीतभर वर डोळा आहे. मला नोकरीचं कळवू नका, ते नंतर बघू. आधी हे कळवा. तो हिरवा आहे की काळा?’

तो कागद तुमच्या टेबलावर आहे, साहेब. तीन दिवस झाले. सही करून घेतलात, तारीख टाकलीत, आणि पेपरवेटखाली सरकवलात. तुम्ही मागितलेलं उत्तर तिनं दिलं. आता तिनं विचारलेलं तुम्ही सांगा. हिरवा आहे की काळा?